जुन्या गाड्यांचा ब्रेक चाकावर सोडून मधल्या शाफ्टवर का असायचा?

चाकवेडा

नमस्कार मंडळी. गेले सात-आठ महिने मी एक स्केल मॉडेल बनवतोय, १:८ चं. एका ठरावीक गाडीचं नाहीये, १९०० ते १९०५ च्या दरम्यान ज्या चेनवाल्या गाड्या असायच्या त्या पद्धतीचं आहे, म्हणजे इंजिन पुढे, मग क्लच, मग गिअरबॉक्स, तिथून आडवा निघालेला काउंटरशाफ्ट, त्याच्या दोन्ही टोकांना छोटी स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) आणि तिथून दोन चेन मागच्या दोन चाकांना. डिफरन्शियल (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दात्यांची जोडणी) काउंटरशाफ्टच्या मधोमध. सगळं खरंखुरं फिरणारं करतोय, नुसतं शोभेचं नाही.

आता ब्रेकपाशी येऊन अडलोय. माझ्याकडे त्या काळातल्या तीन वेगवेगळ्या ड्रॉइंगच्या प्रती आहेत आणि तिन्हींमध्ये पायाचा ब्रेक चाकावर नाहीच्चे, तो काउंटरशाफ्टवर डिफरन्शियलच्या शेजारी एका ड्रमवर आहे. चाकावरचे ड्रम आहेत पण ते फक्त मागच्या चाकांना आणि बाहेरच्या हँड लिव्हरला जोडलेले. पुढच्या चाकांना काहीच नाही. पहिल्यांदा वाटलं ड्रॉइंग काढणाऱ्याची चूक असेल, पण तीन-तीन जण एकच चूक कशी करतील?

तर प्रश्न असे, की थांबवायचंय चाक, मग ब्रेक इतका लांब का नेऊन ठेवला, मध्ये चेन आहे, दाते आहेत, एवढ्या गोष्टी मध्ये असताना? आणि पुढच्या चाकांना ब्रेक का नाही? सायकल चालवणाऱ्या कुणालाही कळतं की पुढचा ब्रेक जास्त लागतो. शिवाय मध्ये एका प्रदर्शनात फोर्ड मॉडेल टी मध्ये बसायला मिळालं, तिथे तीन पॅडल, आणि ब्रेकच्या पॅडलपासून चाकापर्यंत जाणारी एकही सळई मला दिसली नाही. तिथे तो ब्रेक लागतो तरी कुठे?

आठचा_पाना

तुमची ड्रॉइंग बरोबर आहेत, अजिबात बदलू नका.

हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जायला लागेल. कार्ल बेन्झची तीनचाकी गाडी, जिचं पेटंट २९ जानेवारी १८८६ चं आहे, त्यात क्लच असा नव्हताच, एक चामड्याचा पट्टा होता आणि दोन पुली, एक शाफ्टला पक्की बसवलेली आणि एक नुसती सैल फिरणारी. दांडा ढकलला की पट्टा सैल पुलीवरून पक्क्या पुलीवर सरकायचा आणि गाडी चालायला लागायची, परत ओढला की इंजिन चालू पण गाडी उभी. गिरणीतली यंत्रं ज्या पद्धतीने चालू-बंद करायचे अगदी तीच पद्धत, कारण बनवणारी माणसं त्याच कारखान्यांमधून आलेली. तिथून पुढे डिफरन्शियल आणि दोन चेन, म्हणजे तुमच्या मॉडेलसारखंच.

त्या काळात ब्रेक म्हणजे काय, तर घोडागाडीचा ब्रेक. लाकडाचा किंवा लोखंडाचा ठोकळा सरळ चाकाच्या धावेवर दाबायचा. लोखंडी धाव किंवा भरीव रबर असेपर्यंत ते चालून गेलं. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेन्झ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेली, शंभरेक किलोमीटर, तेव्हा उतारांवर ब्रेकचे ठोकळे झिजून गेले आणि तिने वाटेत एका चांभाराकडून त्यांच्यावर चामडं ठोकून घेतलं असं सांगतात. ब्रेक लायनिंगची सुरुवात म्हणून लोक याच गोष्टीकडे बोट दाखवतात. त्याच प्रवासात चढावर मुलांना गाडी ढकलायला लागली आणि परत आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं की चढासाठी अजून एक गिअर हवा. मला ही गोष्ट फार आवडते कारण गाडी खऱ्या रस्त्यावर लांब नेली आणि पहिल्याच फेरीत दोन्ही दुखणी कळली, चढताना ताकद पुरत नाही आणि उतरताना गाडी आवरत नाही.

मग हवेचे टायर आले. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशलाँ बंधूंनी हवेचे टायर लावून गाडी पळवली, पंक्चर झाल्या खंडीभर पण टायर टिकले ते कायमचेच. आता या टायरवर ठोकळा घासला तर टायरच फाटणार. म्हणजे धावेवरचा ब्रेक बाद. मग ब्रेक न्यायचा कुठे? गाडीत आधीच एक शाफ्ट फिरतोय जो मागच्या दोन्ही चाकांना जोडलेला आहे, चासीवर पक्का बसलाय, स्प्रिंगबरोबर वरखाली होत नाही, पॅडलच्या जवळ आहे. त्याच्यावर एक ड्रम बसवा, भोवती स्टीलची पट्टी गुंडाळा, पॅडलने आवळा. झालं काम. एक ड्रम, एक पट्टी, एक सळई.

आणि सर्वात मोठा फायदा म्हणजे जोर वाढून मिळतो. समजा मागच्या स्प्रॉकेटला पुढच्याच्या दुप्पट दाते आहेत, तर काउंटरशाफ्टवर लावलेला ब्रेक चाकापाशी दुप्पट होऊन पोचतो. पुढे चेनऐवजी प्रॉपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा लांब दांडा) गाड्या आल्या त्यांच्यात मागच्या ॲक्सलमध्ये साधारण चारास एक रेशो असायचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे लावलेला छोटासा ब्रेक चाकावर चौपट. सर्वो (पायाच्या जोराला यंत्राची मदत) नाही, हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणारा ब्रेक) नाही, फक्त माणसाच्या पायाची ताकद, अशा वेळी ही चौपट फार मोलाची होती. म्हणून रोजच्या वापराचा ब्रेक तिथे आणि चाकांवरचे ड्रम हँड लिव्हरला, जो सगळं अंग मागे टाकून ओढता येतो.

मॉडेलटीप्रेमी

मॉडेल टी चं मी सांगतो, या गाडीवर माझा फार जीव आहे.

तुम्हाला सळई दिसली नाही कारण ती नाहीच. ती तीन पॅडल पायाखालच्या गिअरबॉक्समध्येच संपतात. आत प्लॅनेटरी गिअर (मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर) आहेत आणि बाहेरून तीन ड्रम शेजारी शेजारी, प्रत्येकावर एक पट्टी, आणि पट्टीला आतून कापसाचं विणलेलं लायनिंग, सगळं तेलात बुडालेलं. डावं पॅडल पूर्ण दाबलं की लो गिअर, अर्धवट धरलं की न्यूट्रल, सोडलं की हाय (हँड लिव्हर पुढे असेल तर). मधलं पॅडल रिव्हर्स. उजवं ब्रेक. ॲक्सिलरेटर पायात नाहीच, तो स्टिअरिंगखाली हाताच्या दांडीवर. ब्रेकची पट्टी ज्या ड्रमला आवळते तो ड्रम प्रॉपेलर शाफ्टला जोडलेला, त्यामुळे तुम्ही प्रॉपेलर शाफ्ट पकडता आणि त्याच्यामार्फत मागची चाकं थांबतात.

चाकांमध्ये ब्रेक आहेत पण ते हँड लिव्हरचे आणि बरीच वर्षं ते नुसते कास्ट आयर्नचे शू होते, लायनिंगशिवाय. गाडी उभी धरून ठेवायला ठीक, पळती गाडी थांबवायला फारसे उपयोगाचे नाहीत.

ही रचना १९०८ पासून १९२७ पर्यंत तशीच राहिली आणि दीड कोटी गाड्या त्याच्यावर चालल्या. लोक हसतात या गाडीला पण एक लक्षात घ्या, त्या काळात बाकीच्या गाड्यांमध्ये सरकते दाते असलेला गिअरबॉक्स होता, सिंक्रोमेश (दात्यांचे वेग आपोआप जुळवणारी रचना) यायला १९२८ उजाडलं कॅडिलॅकमध्ये, तोपर्यंत गिअर बदलायचा म्हणजे दोनदा क्लच दाबा, इंजिनचा वेग अंदाजाने जुळवा, नाही जुळला की करकर आवाज. फ्रेंच गाडी-निर्माता लेवासॉरने १८९० च्या सुमारास हा सरकत्या दात्यांचा प्रकार गाडीत आणला तेव्हा तो स्वतःच म्हणाला म्हणतात की रानटी आहे पण चालतंय. मॉडेल टी मध्ये हा प्रश्नच नव्हता, दाते कायम एकमेकांत अडकलेले, फक्त कुठला ड्रम धरायचा ते पायाने ठरवायचं. ज्याने आयुष्यात यंत्र बघितलं नव्हतं असा माणूस एका दुपारीत शिकायचा.

सावकाश_चालवा

वरच्या दोघांनी फायदे सांगितले ते खरे आहेत पण मला वाटतं हा ब्रेक धोकादायक होता आणि तेही स्पष्ट सांगायला हवं. सोय होती म्हणून बसवला, बरोबर होता म्हणून नाही.

विचार करा, ब्रेक आणि चाकाच्या मध्ये जे जे काही आहे त्यातलं काहीही तुटलं तर ब्रेक गेला. म्हणजे ज्या क्षणी गाडीची ओढ तुटते त्याच क्षणी गाडी थांबवण्याची सोयही तुटते. चढावर चेन तुटली, गाडी मागे घरंगळायला लागली, ड्रायव्हर पाय दाबतोय आणि काही होत नाही, कारण ब्रेक त्याच चेनमधून काम करणार होता. मॉडेल टी मध्येही मागच्या ॲक्सलमध्ये बॅबिट धातूच्या चकत्या असायच्या, त्या झिजून फुटल्या की क्राउन व्हील (ॲक्सलवरचं मोठं दातेरी चाक) पिनियनपासून (त्याला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकापासून) बाजूला सरकायचं आणि ड्राइव्ह आणि पायाचा ब्रेक दोन्ही एकदम गायब. आजही जे लोक ती गाडी रस्त्यावर चालवतात ते या चकत्या काढून ब्राँझच्या बसवतात आणि बरेच जण चाकांवर जास्तीचे ब्रेक लावून घेतात.

डिफरन्शियलचा घोळ तर वेगळाच. याचा अनुभव मला स्वतःला आलाय. एक जुनी फोर बाय फोर गाडी होती आमच्याकडे, तिचा हँडब्रेक प्रॉपेलर शाफ्टवर होता. किंचित उतारावर उभी करून हँडब्रेक खेचला, मागचं एक चाक जॅकवर उचललं, आणि चाक जमिनीवरून सुटताक्षणी गाडी हलायला लागली! जमिनीवरचं चाक पुढे फिरतंय आणि हवेतलं चाक उलटं फिरतंय, मधला शाफ्ट ब्रेकने घट्ट धरलेला. सुदैवाने मी खाली शिरलो नव्हतो. त्या दिवसापासून दोन्ही बाजूंनी दगड लावल्याशिवाय मी कुठलीही गाडी उचलत नाही आणि तुम्हीही उचलू नका, अगदी नव्या गाडीलाही.

शाफ्ट धरला म्हणजे दोन्ही चाकांच्या वेगांची बेरीज शून्य झाली, प्रत्येक चाक वेगळं शून्य झालं असं नाही. एक चाक चिखलात किंवा बर्फावर असेल तर ते उलटं फिरून मोकळं होतं आणि दुसऱ्या चाकाचा ब्रेकही जातो.

आणि मागे घरंगळण्याचं अजून एक. पट्टीचा ब्रेक पुढच्या दिशेने छान धरतो पण उलट्या दिशेने सुटतो. म्हणून त्या गाड्यांना खाली एक टोकदार दांडा लटकवलेला असायचा, चढावर जाताना तो खाली सोडायचा, जमिनीवर घासत यायचा आणि गाडी मागे आली की टोक रस्त्यात रुतून गाडी अडायची. चाकवेडा, तुमच्या मॉडेलला तो दांडा जरूर लावा.

चाकवेडा

बाप रे. दांडा एका ड्रॉइंगमध्ये आहे, मला वाटत होतं की तो गाडी उभी करायचा स्टँड आहे.

पण चेनचं मला नीट कळलं नाही. चेन दोन आहेत ना. एक तुटली तरी दुसरी आहेच की, मग निदान एका चाकाला तरी ब्रेक लागेल.

गणितवाली

नाही लागणार. तुमचा ब्रेक डिफरन्शियलच्या केसवर (बाहेरच्या कवचावर) आहे. केस धरली तरी आत दोन शाफ्ट एकमेकांच्या उलटे फिरायला मोकळे असतात. डाव्या बाजूची चेन तुटली तर डाव्या टोकाला काही विरोधच नाही, ते उलटं फिरत राहणार आणि उजवं चाक आरामात पुढे. सावकाश_चालवा यांच्या जॅकवरच्या गाडीचंच हे दुसरं रूप आहे.

पट्टीच्या ब्रेकचं थोडं गणित देते कारण उलट्या दिशेने सुटतो म्हणजे किती सुटतो हे आकड्यात बघितल्यावर पटतं. पट्टीचं एक टोक चासीला बांधलेलं, दुसरं पॅडलने ओढलेलं, ड्रमभोवती पाऊण वेढा, म्हणजे २७० अंश. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर पट्टीच्या दोन टोकांमधल्या ताणांचं गुणोत्तर सुमारे ४.१ येतं. ड्रम पुढे फिरत असताना तो स्वतःच पट्टीला आणखी घट्ट ओढून घेतो, उलटा फिरला की तीच पट्टी सैल करायला बघतो. तेवढ्याच पायाच्या जोरावर मागे येताना ब्रेक पुढच्याच्या जेमतेम चौथा भाग. पावसात भिजली, तेल लागलं की गुणांक अजून खाली आणि पुढच्या दिशेचा ब्रेकही कोसळतो. बाहेरून आवळणारी पट्टी उघड्यावर असायची, चिखल पाणी सगळं तिच्यात जायचं. म्हणूनच आतून बाहेर ढकलणाऱ्या शूचा बंद ड्रम, जो लुई रेनॉने १९०२ मध्ये आणला, तो हळूहळू सगळीकडे गेला.

आता पुढच्या चाकांचं. समजा गाडीचं वजन उभी असताना पुढे-मागे निम्मं निम्मं आहे, गुरुत्वमध्याची उंची व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) पाव आहे आणि टायर-रस्त्याचा गुणांक ०.६ आहे. फक्त मागच्या चाकांना ब्रेक लावला तर ब्रेक लागताच वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं, आणि हलकं झालेलं चाकच तुम्ही धरून ठेवलंय. हिशोब केला तर मंदन (वेग कमी होण्याचा दर) ०.२६ जी च्या (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग) आसपास अडकतं, त्याच्यावर चाकं लॉक. चारही चाकांना योग्य वाटून ब्रेक लावला तर पूर्ण ०.६ जी मिळतं. ६० किमी वेगावरून थांबायला पहिल्या गाडीला ५४ मीटर, दुसरीला २४ मीटर. दुपटीहून जास्त फरक, तोच टायर, तोच रस्ता, तोच ड्रायव्हर. आणि हा सगळ्यात चांगला निकाल झाला, मागची चाकं लॉक झाली की गाडी मागून फिरायला लागते ते वेगळंच.

म्हणजे सायकलवाल्याचा तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे.

आठचा_पाना

सावकाश_चालवा, तुमचं म्हणणं मान्य, मी तो भाग पुरेसा सांगितला नाही. फक्त एक भर घालतो, त्या वेळच्या लोकांना हा धोका कळत होता म्हणूनच दोन स्वतंत्र ब्रेक दिले जायचे. चेन तुटली तर हँड लिव्हर, कारण त्याचे ड्रम चाकाच्या हबवर, चेनशी संबंध नाही. अनेक गाड्यांमध्ये लांब उतारावर दोन्ही आलटून पालटून वापरायचे म्हणजे एक तापला की दुसरा. चाकवेडा, यावरून तुमच्या मॉडेलसाठी एक गोष्ट, हँड लिव्हरची सळई मागे दोन फाट्यांत जाते तिथे तराजूच्या दांडीसारखा एक आडवा तुकडा लागतो, मधोमध खिळलेला, दोन्ही टोकांना सळया. त्याच्यामुळे दोन्ही ड्रमना सारखा ओढ मिळतो. तो नसला तर एकच चाक धरलं जाईल आणि गाडी तिरकी होईल. काउंटरशाफ्टवरच्या ब्रेकला हे काहीच लागत नाही कारण डिफरन्शियल आपोआप दोन्हीकडे सारखं वाटतं, हाही त्या जागेचा एक गुण.

अजून एक त्रास म्हणजे सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांमध्ये ब्रेक दाबला की क्लचही आपोआप सुटायचा, तशी जोडणीच असायची. हेतू चांगला, इंजिन बंद पडू नये. पण उतारावर इंजिनाचा जो अडथळा मिळतो तोच जायचा आणि सगळा भार त्या एका पट्टीवर. नंतर ही जोडणी काढून टाकली.

आता पुढच्या चाकांना ब्रेक का नव्हते. अज्ञान हे कारण नाही. पुढचं चाक दोन प्रकारे हलतं, स्प्रिंगवर वरखाली आणि स्टिअरिंगला डावीउजवीकडे. आणि ब्रेक ओढायला काय आहे, तर लोखंडी सळई किंवा केबल. चाक वळवलं की सळईची लांबी कमीजास्त होणार, खड्ड्यात गेलं की परत, म्हणजे वळणावर एका बाजूचा ब्रेक आपोआप लागणार आणि दुसऱ्या बाजूचा सुटणार. शिवाय ब्रेक लागल्यावर पुढचा ॲक्सल स्वतःच पिळला जातो, पानाच्या स्प्रिंगा वाकतात, त्याने सळई अजून ओढली जाते. ड्रायव्हरच्या हातात स्टिअरिंग झटके मारणार. अशा अवस्थेत लोकांना पुढच्या ब्रेकची भीती वाटणं साहजिक होतं, गाडी उलटेल, घसरेल, वळणार नाही, असं तेव्हा सर्रास बोललं जायचं.

उपाय म्हणजे ब्रेकची हालचाल बरोबर किंगपिनच्या (ज्या खिळीभोवती पुढचं चाक वळतं तिच्या) अक्षातून आत न्यायची, म्हणजे चाक कितीही वळलं तरी लांबी बदलत नाही. स्कॉटलंडच्या आर्गाइल कंपनीने १९११ च्या सुमाराला चारही चाकांना ब्रेक दिले, इटलीच्या इसोटा फ्रास्किनीने त्याच्या आगेमागे. पुढे पेरो या फ्रेंच इंजिनिअरच्या नावाने जी रचना पसरली तिच्यात किंगपिनच्या बरोबर वर एक युनिव्हर्सल जॉइंट (कोन बदलला तरी फिरणं पुढे पोचवणारा सांधा) असतो, चासीवरून आलेला शाफ्ट गोल फिरतो, ओढला जात नाही, त्यामुळे स्प्रिंगच्या हालचालीचा त्रासही कमी. मला विचाराल तर या सगळ्या काळातली सर्वात सुंदर यांत्रिक कल्पना हीच.

सावकाश_चालवा

आणि तरीही लोकांनी ती घ्यायला आणखी दहा वर्षं लावली. १९११ ला उपाय हातात होता.

आठचा_पाना

लावली, पण मध्ये चार वर्षं युद्धात गेली. आणि त्याच्या आधी एक शर्यत झाली जिचा निकाल उलटा लागला. जुलै १९१४, लियाँची फ्रेंच ग्रां प्री, सुमारे ७५० किमीची. प्यूजो, डलाज, फिॲट यांच्या गाड्यांना चारही चाकांना ब्रेक होते. मर्सिडीजला नव्हते. आणि पहिले तीन नंबर मर्सिडीजचे. प्यूजोचा ड्रायव्हर ब्वालो उतारांवर आणि वळणांवर ब्रेकच्या जोरावर टिकून होता पण टायर वारंवार बदलावे लागले आणि शेवटच्या फेरीत त्याच्या गाडीनेच साथ सोडली. ज्यांना चार ब्रेक नको होते त्यांना हा निकाल पुरेसा होता. माझ्या मते मात्र ती शर्यत ब्रेकच्या बाजूनेच बोलते, नाहीतर ब्वालो इतका वेळ पुढे राहिलाच नसता.

युद्धानंतर मग भराभर झालं. १९१९ ला इस्पानो-सुइझाची एच सिक्स आली, तिचा डिझायनर मार्क बर्किग्टने गिअरबॉक्समधून फिरणाऱ्या एका छोट्या शाफ्टची ताकद ब्रेक दाबायला वापरली, म्हणजे गाडीचा वेगच गाडी थांबवायला मदत करतो. रोल्स-रॉइसने ती पद्धत लायसन्स घेऊन वापरली. १९२१ ला ड्यूझेनबर्गने मॉडेल ए ला चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक दिले आणि त्याच वर्षी जिमी मर्फीने हायड्रॉलिक ब्रेकच्या ड्यूझेनबर्गवर ले मान्सला फ्रेंच ग्रां प्री जिंकली. १९२४ ला क्रायसलरने तेच आवाक्यातल्या गाडीत आणलं. हायड्रॉलिकने वरची सगळी भांडणं मिटवली, लवचीक नळी कशीही वाकली तरी दाब तोच, चारही टोकांना सारखा, तराजूची दांडी नको, युनिव्हर्सल जॉइंट नको. फक्त सील गळता कामा नये आणि तिथेच सुरुवातीला सगळ्यात जास्त त्रास झाला. फोर्ड मात्र सळयांवरच अडून राहिला, त्याच्या गाड्यांना हायड्रॉलिक १९३९ ला मिळाले.

गणितवाली

यात एक गंमतीची गोष्ट, विशीच्या दशकात चार ब्रेक असलेल्या गाडीच्या मागे लाल त्रिकोणाची पाटी लावायचे, मागून येणाऱ्याला सावध करायला की ही गाडी लवकर थांबते, अंतर ठेवा. माझे वरचे ५४ आणि २४ मीटर आठवा, मागच्या गाडीला फक्त मागचे ब्रेक असतील तर ती तीस मीटर पुढे घुसणार. ती पाटी जाहिरात म्हणूनही चालायची पण कारण खरं होतं.

चाकवेडा

मंडळी, खूप आभार. दोन रात्री जागून सगळं परत वाचलं आणि आज करून बघितलं.

काउंटरशाफ्टवरचा ब्रेक ड्रॉइंगप्रमाणेच ठेवला. स्टीलची पातळ पट्टी, आतून चामडं. एक फळी तिरकी लावली, त्याच्यावर मॉडेल ठेवलं, पॅडल रबर बँडने दाबून धरलं. दोन्ही चेन असताना गाडी जागची हलली नाही. तोंड फिरवून उलटी ठेवली तर सरकायला लागली, रबर बँड तोच, फळी तीच. मग तो टोकदार दांडा सोडला (तारेचा केलाय), फळीच्या लाकडात रुतला आणि थांबली.

मग परत सरळ केली आणि डावी चेन काढली. गाडी लगेच खाली. डाव्या बाजूचं छोटं स्प्रॉकेट उलटं गरगर फिरत होतं आणि ब्रेकचा ड्रम मात्र अगदी स्थिर, चामड्याने घट्ट धरलेला. गणितवाली ताई, तुम्ही सांगितलं तेव्हा डोक्यात शिरलं होतं पण समोर ते फिरताना बघून अंगावर काटा आला, म्हणजे खऱ्या गाडीत ड्रायव्हरला पायाखाली ब्रेक टणक लागत असणार, सगळं ठीक आहे असंच वाटत असणार, आणि गाडी जातेच आहे.

हँड लिव्हरची तराजूची दांडी अजून बसवायची आहे. एक विचारायचं राहिलं, मॉडेल टी मध्ये ब्रेकची पट्टी जळून संपली तर बाकीची दोन पॅडल ब्रेकसारखी वापरता यायची का? तिन्ही पट्ट्या शेजारीच तर आहेत.

मॉडेलटीप्रेमी

यायची, आणि लोक वापरायचेच. रिव्हर्सचं पॅडल हलकेच दाबलं तरी गाडी मंदावते, लो चं दाबलं तरी. लांब उतारावर जाणकार ड्रायव्हर तिन्ही पॅडल पाळीपाळीने दाबायचे म्हणजे तिन्ही पट्ट्या सारख्या झिजतात आणि एकच तापत नाही. फक्त झटक्याने दाबायचं नाही, लायनिंगचे धागे सुटून तेलात जातात.

दांडी बसवली की फोटो टाका.